माझ्या घरातला हवा घेणारा मासा



सातवी-आठवीला विज्ञान शिकवताना एक वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की खडू हातात घेतला की ते आपोआप उमटतं. "मासे कल्ल्यांनी श्वास घेतात." तुमच्याही वहीत ते असेल. परीक्षेत लिहिलंत तर गुणही मिळतील. पण तेवढं एकच वाक्य पाठ असताना मी घरी दोन मासे आणले, आणि त्यातला एक आठ दिवसांत माझ्या चुकीमुळे मेला. दुसरा आजही आमच्या हॉलमध्ये आहे. आजचा पाठ त्या दोघांचा.

डायनासोर घरी आला

जून महिना होता. शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार. भाच्याला गप्पी मासे घ्यायचे म्हणून मी पेठेतल्या एका दुकानात गेले. गप्पी घेतलेही, पण माझी नजर कोपऱ्यातल्या टाकीवर गेली. तळाशी बोटाएवढी दोन करडी पिल्लं बसली होती. पाठीवर छोट्या छोट्या परांची रांग, करवतीच्या दातांसारखी. डोक्यामागे दोन्ही बाजूंना पिसासारखे तुरे. आणि पुढचे दोन पर हातासारखे टेकवून ती चक्क मान वर करून बघत होती!

"डायनासोर आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "दोन फुटी टाकी पुरे. मासा टाकीएवढाच वाढतो. आज पाणी भरा, आजच सोडा."

तीन वाक्यं, आणि तिन्ही चुकीची. पण मी विज्ञानाची शिक्षिका असून एकही प्रश्न विचारला नाही. दहा मिनिटांत टाकी, पंप, रंगीत खडे आणि पिशवीतले दोन मासे रिक्षात घेऊन घरी.

आधी त्या "डायनासोर"बद्दल सांगते. या माशाचं नाव बिचिर. त्याच्या अनेक जाती आहेत, सगळ्या आफ्रिकेतल्या. माझ्याकडचा त्यातला लहान, करडा बिचिर. शास्त्रीय नाव पॉलिप्टेरस सेनेगॅलस. सेनेगल, नायजर, नाईल अशा नद्यांच्या खोऱ्यांत, संथ आणि गवताळ पाण्यात तो राहतो. ग्रीक भाषेत "पॉली" म्हणजे पुष्कळ आणि "प्टेरॉन" म्हणजे पंख. म्हणजे पुष्कळ परांचा मासा. गंमत बघा, आपल्या मराठीतही "पर" हा शब्द पक्ष्याच्या पिसालाही चालतो आणि माशालाही.

नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेबरोबर गेलेले फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रॉय सेंत-हिलेर यांनी नाईल नदीतल्या बिचिरचं वर्णन १८०२ मध्ये प्रसिद्ध केलं. करड्या बिचिरचं वर्णन जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये केलं. डायनासोर हे सरपटणारे प्राणी होते, हा तर मासा आहे. पण एक गोष्ट मात्र खरी. बिचिरची शाखा इतर किरणपर माशांपासून डायनासोर जन्मायच्या कितीतरी आधी वेगळी झाली. त्यामुळे त्याच्या अंगावर जुन्या ठेवणीच्या बऱ्याच खुणा शिल्लक आहेत. कडक, चमकदार, एकमेकांत अडकवलेल्या चिलखतासारख्या खवल्या ही त्यातलीच एक.

आठवा दिवस

मासे दिवसभर दगडामागे लपून बसायचे. मला वाटलं, उपाशी असतील. म्हणून मी सकाळी कोळंबीचे तुकडे टाकले, दुपारी टाकले, रात्रीही टाकले. पाणी स्वच्छ दिसत होतं. पाचव्या दिवशी जरा वास यायला लागला. आठव्या दिवशी सकाळी दोघांपैकी छोटा उताणा पडला होता.

तेव्हा कुठे मी पाणी तपासायचं थेंबांचं किट आणलं. अमोनियाच्या नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. म्हणजे अमोनिया भरपूर.

तुमच्या पुस्तकात नायट्रोजन चक्र आहे ना? तेच इथे घडतं. माशाची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजलं की अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात. नव्या टाकीत ते जवळपास नसतातच. त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी ती जागा चार तासही दिली नव्हती. हे चक्र मी वर्गात बाण काढून शिकवते, पण स्वतःच्या घरात ते सुरू झालंय की नाही हे बघायचं मला सुचलं नाही.

मेलेला मासा मी कुंडीत पुरला. उरलेल्याचं पाणी पुढचे कित्येक दिवस रोज थोडं थोडं बदलत राहिले. तो वाचला.

"बाई, मग तो वर का येतो?"

वाचलेला मासा अधूनमधून झपकन वर यायचा, पाण्याबाहेर तोंड काढायचा आणि तितक्याच झपकन खाली जायचा. जाताना एखादा बुडबुडा सुटायचा. मला वाटलं, याला ऑक्सिजन कमी पडतोय. मी दुसरा एअर पंप लावला. तरी तो येतच राहिला.

वर्गात हे सांगितलं तर एका मुलाने हात वर केला. "बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, मासे कल्ल्यांनी श्वास घेतात? मग तो वर का येतो?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." शिक्षकांचं हे उत्तर तुम्हाला चांगलंच माहीत आहे. त्या रात्री मी वाचत बसले.

बिचिरला कल्ले आहेत, पण त्याबरोबर दोन फुप्फुसंही आहेत. उजवं लांब, डावं आखूड. माथ्यावर डोळ्यांच्या मागे दोन छिद्रं असतात. तोंडाबरोबरच त्या छिद्रांतूनही तो हवा आत घेऊ शकतो. गढूळ, उथळ, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तो यामुळे तगून राहतो. म्हणून टाकी पाण्याने काठोकाठ भरून वर काच दाबून बसवली आणि वरची हवा बंद केली, तर पाण्यात राहणारा हा मासा गुदमरू शकतो.

आणि ते पिसासारखे तुरे? ते पिल्लांचे बाह्य कल्ले. बेडकाच्या अगदी लहान डिंभकालाही काही दिवस तसे असतात. बिचिर मोठा होतो तसे ते आखडत जाऊन नाहीसे होतात. ही पिल्लं अंड्यापासून कशी घडतात, हे पाहण्यासाठी जॉन सॅम्युएल बजेट नावाचा तरुण इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार वेळा आफ्रिकेत गेला. १९०३ मध्ये नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात त्याला अखेर यश आलं. तो मायदेशी परतला, पण तापाने आजारी पडून जानेवारी १९०४ मध्ये वारला. वय अवघं ३१. त्याने जमवलेल्या नमुन्यांवरचं काम पुढे त्याचा मित्र जॉन ग्रॅहम केर याने पूर्ण केलं. एका माणसाने ज्या पिल्लांसाठी एवढं केलं, ती मी दहा मिनिटांत पिशवीत घालून आणली होती. हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावरचं वाक्य दुरुस्त केलं. "बहुतेक मासे कल्ल्यांनी श्वास घेतात. काही मासे हवाही घेतात." मग एका मुलीने सांगितलं, की तिच्या गावाकडच्या बाजारात मरळ मासे थोड्याशा पाण्यात कितीतरी वेळ जिवंत असतात. अगदी बरोबर! मरळीला फुप्फुसं नसतात, पण कल्ल्यांच्या वर हवा साठवायची खास पोकळी असते. म्हणजे उदाहरण आपल्याच बाजारात होतं, आम्ही बघत नव्हतो.

आता टाकी कशी लावली ते ऐका

वर्षभरात मासा वीतभर झाला. दोन फुटी टाकीत त्याला वळतानाही शरीर दुमडावं लागायचं. "टाकीएवढाच वाढतो" हे वाक्य तिथे संपलं. करडा बिचिर घरच्या टाकीत साधारण फूटभर होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. लहान टाकीत मासा "बेताने" वाढत नाही, तो खुरटतो आणि आजारी पडतो.

मग आम्ही हॉलमधला दिवाण हलवला आणि १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच टाकी केली. बिचिर तळाशी राहतो, म्हणून त्याला उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. पाणी ३८ सेंमीपर्यंतच भरायचं, वरची जागा हवेसाठी. चला, गणित करा. १२० गुणिले ४५ गुणिले ३८, म्हणजे २,०५,२०० घन सेंमी, म्हणजे सुमारे २०५ लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन २०५ किलो. काच, वाळू, स्टँड वेगळं. म्हणून स्टँड लोखंडी घेतलं आणि टाकी खोलीच्या मध्ये न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या बाजूला ठेवली. तुमचं घर जुन्या वाड्यात, लाकडी माडीवर असेल तर हा हिशोब आधी घरातल्या मोठ्यांसमोर मांडा.

तळाला बारीक, गोल कणांची वाळू. बांधकामाची क्रश सँड नको, तिच्या धारदार कणांनी पोट सोलवटतं. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुतली. लपायला मातीची आडवी कुंडी आणि पाण्यात भिजवून जड केलेलं लाकूड. बिचिर रात्री फिरणारा मासा आहे. लपायला जागा नसेल तर तो दिवसभर घाबरलेला राहतो. दिवा मंद ठेवला.

हीटर लागतोच. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याला गोधडी लागते, तर आफ्रिकेतल्या माशाला का नको? पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवते. हीटरला जाळीचं आवरण आहे, कारण बिचिर त्याला टेकून झोपतो आणि भाजून घेतो.

स्पंज फिल्टर मात्र यावेळी मी आधी जुन्या टाकीतच महिनाभर चालवला. जिवाणूंची वस्ती झालेला तो स्पंज नव्या टाकीत आणला. रोज किटने तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असं सलग आठवडाभर आलं, मगच मासा हलवला.

अन्नाचंही शिकले. बिचिरची नजर अधू, वास मात्र तीक्ष्ण. नाकपुड्या छोट्या नळ्यांसारख्या पुढे आलेल्या असतात. अन्न समोर असूनही तो आधी हुंगत हुंगत शोधतो. संध्याकाळी दिवा बंद केल्यावर गांडूळ किंवा कोळंबीचे दोन-तीन तुकडे, तेही एक दिवसाआड. मोठ्या माशाला तेवढं पुरतं. राहिलेलं लगेच काढून टाकायचं. गांडुळं आमच्या गच्चीवरच्या खताच्या ड्रममधली, तिथे कुठलीही फवारणी नाही. त्याच्या टाकीत गप्पी सोडू नका. तोंडात मावेल तो मासा हे त्याच्या दृष्टीने जेवण आहे.

गुरुवारचं पाणी

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. "गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने" ही सूचना आपल्या पाठच असते. बऱ्याचदा दुरुस्तीसाठी वीजही त्याच दिवशी जाते. शुक्रवारी नळाला कधी गढूळ पाणी येतं. म्हणून टाकीचं पाणी बदलायचा माझा वार मंगळवार. पावभाग पाणी, म्हणजे सुमारे ५० लिटर, १५ लिटरच्या साडेतीन बादल्या.

आपल्याकडे येणारं खडकवासल्याचं पाणी मृदू आहे. बिचिरला ते चालतं. पण ते शुद्ध करताना त्यात क्लोरीन घालतात. आपल्यासाठी ते हवंच, माशाच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना मात्र ते मारक. म्हणून पाणी उघड्या बादल्यांत २४ तास ठेवते, शिवाय क्लोरीन घालवायच्या औषधाचे थेंब टाकते. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी आलं तर ते टाकीत घालत नाही. ते अनेकदा दुष्फेन असतं आणि अचानक बदल माशाला सोसत नाही.

वीज गेली की इतर माशांच्या टाकीत काळजी वाटते. आमचे महाशय मात्र वर येतात, हवा घेतात आणि पुन्हा कुंडीत जातात.

चपलांच्या रॅकखाली

झाकण होतं, पण फिल्टरच्या नळीसाठी कोपऱ्यात दोन बोटं फट ठेवली होती. एका पावसाळी सकाळी टाकी रिकामी! आम्ही सगळीकडे शोधलं. तो सापडला दाराजवळ, चपलांच्या रॅकखाली. टाकीपासून आठ फूट लांब. अंगाला धूळ आणि केस चिकटलेले. मी मेलाच असं समजून उचलायला गेले, तर त्याने शेपूट हलवलं. ओल्या हातांनी उचलून पाण्यात सोडला. दोन दिवस कुंडीतून बाहेर आला नाही, मग खायला लागला.

पावसाळी दमट हवा आणि त्याची फुप्फुसं, यांनी त्याला वाचवलं. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात एमिली स्टँडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीची पिल्लं सुमारे आठ महिने जमिनीवर, सतत ओलावा ठेवून वाढवली. ती पिल्लं पाण्यात वाढलेल्यांपेक्षा जास्त सफाईने चालली, पर अंगाजवळ घेऊन, डोकं वर ठेवून. त्यांच्या खांद्याच्या हाडांच्या ठेवणीतही फरक पडला. हे संशोधन २०१४ मध्ये "नेचर" या नियतकालिकात आलं. पाण्यातले प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवर कसे आले असतील, याचा विचार करायला त्याने मदत होते. पण तो प्रयोग तज्ज्ञांनी नीट काळजी घेऊन केला. आमच्या घरात घडला तो माझा निष्काळजीपणा होता. त्या दिवशी फटीत स्पंज बसवला.

"नदीत सोडून द्या"

मोठी टाकी करायच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. मासा दोन फुटांत मावेना, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "अहो बाई, एवढा विचार काय करता? मुठेत सोडून द्या. तोही मोकळा, तुम्हीही मोकळ्या. पुण्य लागेल."

खरं सांगते, मोह झाला होता. नवी टाकी, स्टँड, हीटर, हा खर्च लहान नव्हता. आणि "मोकळं सोडणं" ऐकायला किती छान वाटतं!

पण मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमेचं पाणी उजनीत जातं. घरच्या टाक्यांतला सकर मासा आज उजनीत आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. आफ्रिकन मांगूर मासा आपल्याकडे आणला गेला. तोही मांसाहारी आणि हवा घेऊन घाण पाण्यात तगणारा. २००० साली त्याच्या पालनावर बंदी आली, तरी तो अजून नद्यांत सापडतो. आणि इथले मूळचे मासे? कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला एक महासीर त्यांनी पुण्याच्या पूर्वेला याच नदीतून नोंदवला. स्थानिक लोकांच्या तोंडचं नाव त्यांनी शास्त्रीय नावात घेतलं. आज जगभर तो "टॉर खुद्री" म्हणून ओळखला जातो. ज्या नदीच्या माशाचं नाव जगाच्या पुस्तकात गेलं, त्या नदीत मी आफ्रिकेचा शिकारी मासा सोडू?

मी काकांना म्हटलं, "काका, आपण गणपतीचं विसर्जनसुद्धा हौदात करतो, नदीला त्रास नको म्हणून. मग हा मासा कसा सोडू?" काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दिवाण हलवायला मी येतो." आणि खरंच आले.

जाता जाता

मित्रांनो, मासा पाळाच असं मी सांगणार नाही. पाळायचा असेल तर आधी त्याच्याबद्दल महिनाभर वाचा आणि बघा. तो कुठला, किती मोठा होतो, किती वर्षं जगतो, श्वास कसा घेतो. मग टाकी. मासा सगळ्यात शेवटी. मी उलट्या क्रमाने गेले आणि त्याची किंमत त्या छोट्या माशाने मोजली.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या वहीतलं "सर्व", "नेहमी" किंवा "फक्त" असा शब्द असलेलं एक वाक्य शोधा. त्याला न बसणारं एक उदाहरण तुमच्या घराच्या, बाजाराच्या किंवा नदीच्या आसपास सापडतं का बघा. सापडलं तर वर्गात हात वर करा. तुमच्या बाई कदाचित "उद्या सांगते" म्हणतील. तेवढी सवलत त्यांना द्या.